ड्यू डेट किती पक्की? ठाणे-नवी मुंबईतल्या होणाऱ्या आयांचे नेहमीचे प्रश्न

फाइल उघडली की बहुतेकींना दोन-तीन तारखा दिसतात. पहिल्या केसपेपरवर एक, नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दुसरी, आठव्या महिन्याच्या रिपोर्टवर तिसरी. मोबाइलमधलं अ‍ॅप चौथी दाखवतं आणि सासूबाई बोटांवर मोजून पाचवी सांगतात. यातली कोणती धरायची, कधी बदलायची आणि कधी अजिबात बदलायची नाही, याची उत्तरं खाली आहेत. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: शेवटची पाळी ५ जानेवारी २०२६.

डॉक्टर तारीख काढतात ती कशी?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मिळवायचे. तोंडी हिशेबाला सोपी रीत अशी: तारखेत ७ दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. ५ जानेवारीचे झाले १२ जानेवारी, तिथून नऊ महिने पुढे १२ ऑक्टोबर २०२६. ही रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखली जाते.

महिने कधी ३० दिवसांचे तर कधी ३१ चे, त्यामुळे ही रीत दर वेळी नेमके २८० दिवस देत नाही. पाळी ५ मेची असेल तर रीत १२ फेब्रुवारी सांगते, पण दिवस मोजले तर २८० वा दिवस ९ फेब्रुवारीला येतो. डॉक्टरांच्या हातातलं तारीख काढायचं गोल चाक आणि तुमचं अ‍ॅप यांच्यात दोन-तीन दिवसांचा फरक बहुधा इथूनच येतो. त्यात कुणाची चूक नाही.

खरी अडचण हिशेबाच्या गृहीतकात आहे. पाळी दर २८ दिवसांनी येते आणि बीज १४ व्या दिवशी सुटतं, असं धरून हे गणित मांडलं आहे. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही गरोदर नसतानाही मोजले जातात. गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंतचे दिवस सरासरी २६६.

‘नऊ महिने नऊ दिवस’ हा जुना हिशेब चुकीचा का?

फारसा नाही. शेवटच्या पाळीपासून इंग्रजी नऊ महिने आणि वर नऊ दिवस मोजले, तर डॉक्टरांच्या तोंडी हिशेबापेक्षा दोनच दिवस जास्त होतात. गंमत म्हणजे चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे नऊ चांद्रमासांचे होतात जवळपास २६६ दिवस, म्हणजे गर्भ राहिल्यापासून जन्मापर्यंतचा काळ.

तिथीवर मोजणाऱ्यांनी यंदा एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. महिन्यांची नुसती नावं मोजत गेलात तर हिशेब अख्खा एक महिना घसरतो.

शेवटच्या पाळीची तारीख मला नक्की आठवते. मग चूक कुठे होणार?

तारीख आठवत असते, पण अनेकदा दुसऱ्याच दिवसाची. नेहमी आढळणारे घोळ असे:

पाळी सुरू झाली तो दिवस सांगायचा, थांबली तो नाही. काही घरांत अजूनही चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं तो दिवस लक्षात राहतो आणि केसपेपरवर तोच जातो. तीन-चार दिवस तिथेच घसरले.

‘पाळी कधीची?’ असं विचारल्यावर काही जणी चुकलेल्या पाळीची तारीख देतात. तो तर चार आठवड्यांचा फरक.

गर्भ रुजताना कधी कधी एक-दोन दिवस थोडं लालसर किंवा तपकिरी जातं. त्यालाच पाळी समजलं की बाळ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा तीन-चार आठवडे लहान धरलं जातं. ‘या वेळी अगदीच कमी गेलं’ असं वाटलं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा आणि त्याआधीच्या पाळीची तारीखही द्या.

अ‍ॅपमध्ये तारीख भरताना ५/१ की १/५ हेही तपासा. काही अ‍ॅप अमेरिकी पद्धतीने महिना आधी घेतात. ५ जानेवारीचा १ मे झाला की बाळ एका फटक्यात जवळपास चार महिन्यांनी लहान होतं.

गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच थांबवल्या असतील, आदल्या महिन्यात तातडीची गोळी घेतली असेल किंवा गर्भपातानंतर पहिलीच पाळी असेल, तर तारीख अचूक आठवूनही उपयोग थोडा. बीज कधी सुटलं याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

माझी पाळी ३५ दिवसांनी येते. तारीख बदलेल का?

चक्र नियमित असेल तर २८ पेक्षा जितके दिवस जास्त, तितके पुढे. जितके कमी, तितके मागे. ३५ दिवसांच्या चक्राला १२ ऑक्टोबरची १९ ऑक्टोबर होते, २४ दिवसांच्या चक्राला ८ ऑक्टोबर. पीसीओएसमुळे, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडामुळे, पाळी कधी ४० दिवसांनी, कधी ६० दिवसांनी येत असेल तर या बेरीज-वजाबाकीच्या फंदात पडूच नका. तिथे सोनोग्राफीचंच ऐकायचं.

तारीख अजिबात आठवत नाही. बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले.

मग पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हाच आधार, आणि ती लांबवू नका. महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, सोनोग्राफी कुठे होईल ते तिथेच विचारा.

बाळाची पहिली हालचाल पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, दुसऱ्या खेपेला थोडी आधी. गर्भाशयाचा वरचा काठ २० आठवड्यांच्या आसपास बेंबीपाशी येतो, आणि पुढे टेपने मोजलेले सेंटीमीटर साधारण आठवड्यांइतके भरतात. हे सगळं पडताळणीला ठीक आहे, पण तारीख ठरवायला पुरेसं नाही.

सोनोग्राफीची तारीख पाळीच्या तारखेपेक्षा वेगळी आली. कोणती खरी?

फरक किती आणि सोनोग्राफी कितव्या आठवड्यात झाली, यावर ते ठरतं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. आई उंच असो की ठेंगणी, बाबा पैलवान असो की काटकुळा, नवव्या आठवड्यातलं बाळ साधारण २३ मिलिमीटरचंच असतं आणि त्या सुमारास रोज मिलिमीटरभर वाढतं. म्हणून डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येतं. रिपोर्टमध्ये ही लांबी ‘सीआरएल’ या नावाखाली असते. ती ८४ मिलिमीटरपर्यंतच, म्हणजे सुमारे १४ आठवड्यांपर्यंतच, वापरायची.

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये पहिल्या सोनोग्राफीसाठी दिलेली मर्यादा अशी: पाळीच्या हिशेबाने ९ आठवड्यांच्या आत असाल आणि फरक ५ दिवसांपेक्षा जास्त असेल, तर तारीख सोनोग्राफीची. ९ ते १६ आठवड्यांच्या आत ७ दिवसांपेक्षा जास्त, १६ ते २२ च्या आत १० पेक्षा जास्त, २२ ते २८ च्या आत १४ पेक्षा जास्त आणि त्यानंतर २१ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तरच विचार करायचा. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मर्यादेत एखाद-दोन दिवसांचा फरक असू शकतो, पण तत्त्व हेच.

आपल्या उदाहरणात सोनोग्राफी ९ मार्चला झाली. पाळीवरून त्या दिवशी बरोबर ९ आठवडे पूर्ण होतात. रिपोर्टमध्ये लांबी १४ मिलिमीटर, म्हणजे ७ आठवडे ५ दिवस. फरक ९ दिवसांचा, सातपेक्षा जास्त, म्हणून १२ ऑक्टोबर खोडून तारीख २१ ऑक्टोबर. फरक चारच दिवसांचा असता तर १२ ऑक्टोबरच राहिली असती. ‘मशीनने सांगितलं’ म्हणून चार दिवसांसाठी तारीख हलवत नाहीत.

फार लवकर धाव घेऊनही फायदा नाही. पाचव्या आठवड्यात नुसती पिशवी दिसते आणि पिशवीच्या मापावरून काढलेलं वय कच्चं असतं. बाळ दिसून त्याची लांबी मोजता आली, तोच पहिला भरवशाचा रिपोर्ट. बाळ अंग मुडपून बसलं असेल तर लांबी कमी भरते, म्हणून चांगले सोनोलॉजिस्ट दोन-तीनदा मोजतात.

सातव्या-आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर तारीख पुन्हा बदलली. आता ती धरायची?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

शेवटच्या तीन महिन्यांत मशीन बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचं हाड मोजतं. त्यांची सरासरी काढून ‘एवढ्या मापाचं बाळ साधारण इतक्या आठवड्यांचं असतं’ असं छापतं आणि त्यावरून एक तारीखही आपोआप उमटवतं. पण या वयात बाळं एकसारखी राहिलेली नसतात. घराण्याची ठेवण, आईची साखर, रक्तदाब, वारेतून (प्लॅसेंटातून) मिळणारं पोषण, सगळ्याचा परिणाम मापांवर दिसतो. त्यामुळे अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो.

तारीख पहिल्या तीन महिन्यांत एकदाच ठरते. नंतरच्या सोनोग्राफी त्या तारखेशी ताडून बाळ नीट वाढतंय का ते बघायला असतात. समजा, ३२ आठवड्यांना बाळ २९ आठवड्यांच्या मापाचं भरलं. घरात कुणी तरी म्हणतं, ‘म्हणजे तारीखच पुढची असणार,’ आणि सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात बाळाची वाढ खुंटलेली असू शकते. त्यासाठी डॉप्लर करून रक्तपुरवठा बघावा लागतो, गर्भजल मोजावं लागतं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा माप घ्यावं लागतं. तारीख पुढे ढकलली की हा इशाराच पुसला जातो. उलट बाळ मोठं भरलं म्हणून तारीख अलीकडे आणली, तर आईच्या वाढलेल्या साखरेकडे दुर्लक्ष होतं.

म्हणून रिपोर्ट हाती आला की छापलेली नवी तारीख शोधू नका. ‘ठरलेल्या तारखेच्या मानाने वाढ कशी आहे?’ एवढाच प्रश्न डॉक्टरांना विचारा.

पहिली सोनोग्राफीच सहाव्या महिन्यात झाली. मग?

२२ आठवड्यांपर्यंत एकही सोनोग्राफी झाली नसेल तर तारीख कच्चीच समजतात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून बाळ अपेक्षेइतकं वाढलं का ते बघतात. मधल्या काळात लहान मेंदूची रुंदी मोजूनही वयाचा अंदाज घेता येतो. अशा बाईच्या बाबतीत उगाच लवकर सिझेरियन करणं धोक्याचं, आणि तारीख उलटेपर्यंत नुसतं वाट बघणंही.

बाळंतपणाला माहेरी जाणार आहे. फाइलमध्ये काय न्यायचं?

ठाण्यात नाव नोंदवलं, सातव्यात साताऱ्याला किंवा रत्नागिरीला गेली, तिथल्या डॉक्टरांनी नवी सोनोग्राफी केली, त्यावर नवी तारीख उमटली आणि मग दोन्ही घरं दोन वेगवेगळ्या तारखा धरून बसली. हे टाळता येतं.

पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. नुसता निष्कर्ष पुरत नाही, बाळाची लांबी छापलेलं पानही हवं. माता-बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख आणि ठरलेली तारीख दोन्ही लिहिलेल्या हव्यात. ठाण्याच्या डॉक्टरांकडून एका ओळीत लिहून घ्या: ‘अंतिम तारीख २१ ऑक्टोबर, आधार ९ मार्चची सोनोग्राफी.’ सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्येही ठेवा. थर्मल कागदावरचे सोनोग्राफीचे फोटो उन्हात फिके पडतात, त्यावर भरवसा नको.

आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केलं आहे. आमची तारीख तरी पक्की ना?

सगळ्यात पक्की तुमचीच. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसात २६१ मिळवा, तीन दिवसांचा असेल तर २६३. पुढच्या सोनोग्राफीत थोडा फरक दिसला तरी ही तारीख हलवत नाहीत.

जुळी असतील तर?

हिशेब तोच. दोघांच्या लांबीत फरक असेल तर मोठ्या बाळावरून वय धरतात. पण जुळी ४० आठवड्यांपर्यंत सहसा थांबवत नाहीत. दोघांची वार वेगळी असेल तर ३७-३८ आठवडे, एकच वार असेल तर बहुधा त्याहून आधी.

डॉक्टर २८ आठवडे म्हणतात, आई म्हणते सातवा लागला. कोण बरोबर?

दोघीही. २८ आठवडे म्हणजे १९६ दिवस, साधारण सहा महिने आणि बारा-तेरा दिवस. सहा सरले आणि सातवा चालू. घोळ होतो तो ‘लागला’ आणि ‘सरला’ यांत, आणि चार आठवड्यांचा महिना धरण्यात. तसं धरलं तर ४० आठवड्यांचे दहा महिने होतात आणि घाबरगुंडी उडते. डॉक्टरांशी बोलताना आठवडेच सांगा.

बाळ नेमकं त्याच दिवशी येतं का?

शंभरातल्या चार-पाच जणींच्या बाबतीतच. तारीख कितीही बरोबर काढली तरी तो मधला दिवस आहे. ३७ ते ४२ आठवड्यांमध्ये कधीही कळा सुरू होऊ शकतात. पहिलटकरणीला थोडे दिवस जास्त लागतात. उदाहरणातल्या २१ ऑक्टोबरचा अर्थ ३० सप्टेंबरपासून तयार राहा, असा घ्यायचा.

इतक्या काटेकोरपणे तारीख हवी कशाला? बाळ यायचं तेव्हा येईलच.

कारण बऱ्याच तपासण्या आणि उपचार आठवड्यांना बांधलेले आहेत. एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस यांतच होते. एक आठवडा चुकला तर संधी जाते, आणि सोबतच्या डबल मार्करचं, म्हणजे बाळात डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याचा धोका सांगणाऱ्या रक्तचाचणीचं, गणितही चुकतं, कारण त्या रक्तातल्या आकड्यांची तुलना त्या-त्या आठवड्याशी असते. चुकीच्या तारखेने ‘धोका जास्त’ असा रिपोर्ट येऊन घरभर रडारड झाली, आणि तारीख सुधारल्यावर तोच रिपोर्ट साधा निघाला, असंही होतं. १८ ते २० आठवड्यांची व्यंग तपासणारी सोनोग्राफी, २४ ते २८ ची साखरेची चाचणी, रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ आठवड्यांचं इंजेक्शन, वेळेआधी कळा आल्या तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइड द्यायचं की नाही, सगळं या एका तारखेवर ठरतं.

घरचे मुहूर्त बघून सिझेरियन करा म्हणतात.

वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून केलेलं सिझेरियन ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये. त्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवायची वेळ जास्त येते.

आता आपलं उदाहरण घ्या. जुनी तारीख १२ ऑक्टोबर, सुधारलेली २१ ऑक्टोबर. आजी म्हणतात, पितृपक्ष लागायच्या आत, २५ सप्टेंबरला उरका. जुन्या तारखेने तेव्हा ३७ आठवडे ४ दिवस होतात आणि ‘दिवस भरत आलेत’ असं वाटतं. खऱ्या हिशेबाने मात्र बाळ ३६ आठवडे २ दिवसांचं, म्हणजे अकाली. तेच दसऱ्याला, २० ऑक्टोबरला केलं तर ३९ आठवडे ६ दिवस. मुहूर्त काढायचाच असेल तर आधी डॉक्टरांकडून दिवसांची चौकट घ्या, इथे १४ ते २१ ऑक्टोबर, आणि गुरुजींना त्यातलाच दिवस शोधायला सांगा. मात्र कळा आधीच सुरू झाल्या तर मुहूर्त बाजूला ठेवावा लागेल, हेही आजींना आधीच सांगून ठेवा.

तारीख उलटून गेली, कळा नाहीत. किती थांबायचं?

तारीख पक्की असेल आणि साखर, रक्तदाब वगैरे काही नसेल तर साधारण ४१ आठवड्यांपर्यंत थांबता येतं. त्यानंतर कळा सुरू करण्याचा सल्ला देतात. ४१-४२ आठवड्यांनंतर वारेचं काम मंदावतं, गर्भजल कमी होतं आणि पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढतो. थांबण्याच्या काळात बाळाच्या ठोक्यांची पट्टी आणि गर्भजलाचं माप घेतात. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच जा.

प्रसूती रजेसाठी कोणती तारीख द्यायची?

अंतिम ठरलेली, डॉक्टरांच्या पत्रासह. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. २१ ऑक्टोबर धरून ते २६ ऑगस्टपासून. आधीच दोन मुलं असतील तर एकूण १२ आठवडे, तारखेआधी ६. तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं हवं. ऑफिसला जुनी तारीख दिली असेल तर ती सुधारल्याचं पत्र लगेच द्या, नाहीतर एचआरशी हुज्जत घालण्यात रजेचे दिवस जातील.

निघायची तयारी कधीपासून?

३६ आठवड्यांपासून बॅग भरलेली हवी. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहत असाल तर संध्याकाळी माजिवड्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते एकदा बघून ठेवा. ऐरोली-घणसोलीकडून वाशीला जाणाऱ्यांनी ठाणे-बेलापूर रोडचा अंदाज घ्यावा. तारीख जुलैमधली असेल तर पाणी तुंबल्यावर दुसरा रस्ता कोणता ते आधीच ठरवा. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या तर कितवा आठवडा आहे याचा विचार न करता निघा. गाडी नसेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ ला फोन करा. फोनवर पत्त्यासोबत तीन गोष्टी सांगा: किती आठवडे, कितवी खेप, आधी सिझेरियन झालंय का.